काका, येताय ना?

आमच्या बिल्डिंगमध्ये दोन सेक्रेटरी आहेत. पहिले सोसायटीचे. टँकर कधी येणार, लिफ्ट कधी चालू होणार, हे विचारायला आपण निघालो की ते नेमके भाजीला गेलेले असतात. दुसरा चौथ्या मजल्यावरचा. त्याला आपण काही विचारायला जात नाही, तरी तो भेटतो. कॉलेजात असताना तो एक वर्ष सांस्कृतिक सेक्रेटरी होता. त्याला सात वर्षं झाली. पुढे सात सेक्रेटरी आले नि गेले, त्यांतल्या दोघांची लग्नंही झाली. पण नालासोपारा पूर्वेला, आचोळे रोडच्या रिक्षा स्टँडपासून तुळिंजच्या झेरॉक्सवाल्यापर्यंत, सेक्रेटरी म्हटलं की हाच. त्याचं खरं नाव त्याच्या आईला आणि आधार कार्डाला ठाऊक.

यामुळे घोळ होतात. तिसऱ्या मजल्यावर नव्याने राहायला आलेल्या बाई एकदा तडातडा जिना चढून याच्या दारात गेल्या. "दोन दिवस नळाला थेंब नाही, मेन्टेनन्स कसला घेता?" इथून सुरुवात करून त्यांनी तोंडाचा जो पट्टा सोडला, तो आम्ही खालच्या लॉबीत ऐकत होतो. हा दाराच्या चौकटीला टेकून शेवटपर्यंत ऐकत राहिला. मग म्हणाला, "काकू, काय आवाज लागलाय तुमचा! एकपात्री कधी केलीय का?" बाईंचा आवाज तिथल्या तिथे बसला. महिन्याभराने त्यांच्या धाकट्या मुलाला त्याने मूकनाट्यात घेतलं. घरात बोलायची संधीच न मिळालेला मुलगा, मूकनाट्यात चमकला.

त्याच्या घरी कालनिर्णय आहे, पण त्यात तो संकष्टी बघत नाही. पावसाळा म्हणजे मुंबई विद्यापीठाचा युवा महोत्सव. त्याला लागून आयएनटीची एकांकिका स्पर्धा. दिवाळीच्या आगेमागे लोकांकिका. आणि २५ जानेवारीच्या चौकटीत लाल पेनाने नुसतं 'सवाई'. चतुरंगची ती एकांकिकांची रात्र. रात्रभर प्रयोग, आणि बाहेर पडावं तो प्रजासत्ताक दिन उजाडलेला. मधल्या रिकाम्या चौकोनांत घरच्यांनी आपापली लग्नकार्यं उरकून घ्यावीत, असा त्याचा उदार दृष्टिकोन आहे.

पोटापाण्यासाठी तो मालाडला एका कॉल सेंटरमध्ये रात्रपाळी करतो. रात्रपाळी घेतली ती चार पैसे जास्त मिळतात म्हणून नव्हे, दुपारी तालमीला मोकळं राहता येतं म्हणून. सकाळी सगळा नालासोपारा चर्चगेटच्या गाडीला लोंबकळत असतो, तेव्हा हा उलट्या गाडीने खिडकीत बसून, पाय समोरच्या सीटवर टाकून घरी येतो. एवढं सुख लाभलेला माणूस आमच्या भागात दुसरा नाही. त्याला मात्र त्याचं काही नाही. त्या पाऊण तासात तो संहितेत खुणा करतो.

महोत्सवाची नियमावली त्याला मुखोद्गत आहे. मूकनाट्य : सहा जण, पाच मिनिटं. प्रहसन : सहा जण, दहा मिनिटं. एकांकिका : नऊ जण, तीस मिनिटं. वयाची अट पंचवीस. स्वतःला पंचवीस पूर्ण झाल्यावर तो विंगेत गेला आणि तिथून हलला नाही. खरं तर त्याच्या आधीही तो विंगेतच असायचा. हातात मोबाइलचं स्टॉपवॉच, तोंडात शिट्टी नसून शिट्टी असल्यासारखा चेहरा. ही नियमावली तो नाटकाबाहेरही लावतो. आमच्याकडे सत्यनारायण होता, तेव्हा प्रसाद घेताना मला हळूच म्हणाला, "काका, गुरुजींचं वाचिक चांगलंय, पण तिसऱ्या अध्यायात पेस पडतो." समोरच्या विंगमधलं नवरा-बायकोचं भांडण तो गॅलरीतून बघत होता. मी म्हटलं, अरे, जाऊन सोडव की. तर म्हणे, "दोघंही एकाच लेव्हलवर उभे आहेत, म्हणून चढत नाहीये."

(आमची ही म्हणते, तुम्ही त्याच्या नादी लागू नका. पण लागून चुकलो होतो.)

आधी लोकनृत्याचं सांगतो. मुंबई विद्यापीठाचा पसारा मोठा, १८५७ पासूनचा. मुंबई-ठाण्यापासून पार सिंधुदुर्गापर्यंतची कॉलेजं त्यात येतात. "कोकणातली पोरं जाखडी घेऊन उतरतात, आपण काय बॉलीवूड नाचायचं?" असं म्हणून हा डहाणूची लोकल पकडून तारपा घेऊन आला. तारपा म्हणजे वारल्यांचं वाद्य, दुधीभोपळा आणि बांबू जोडून केलेलं. माणसाच्या हाताहून लांब. रात्री नऊ वाजता त्याने गच्चीत त्यात पहिली फुंकर मारली आणि आचोळे रोडवरच्या तमाम कुत्र्यांनी तिला उत्तर दिलं. मग तो चार दिवस एका पाड्यावर जाऊन बसला आणि वाजवणाऱ्या आजोबांकडून एक गोष्ट पक्की शिकून आला : नाचणाऱ्याने तारपेवाल्याला पाठ दाखवायची नाही. ही गोष्ट त्याला इतकी आवडली, की तालीम संपून हा तारपा घेऊन जिना उतरायला लागला तरी दहा पोरं त्याच्याकडे तोंड करून उलटी उतरत होती. दुसऱ्या मजल्यावर पेपर टाकायला आलेला मुलगा त्या दिवसापासून पेपर खालीच ठेवून जातो.

आता एकांकिका. इथे चूक माझीच. निवृत्तीनंतर मला इतिहास वाचायचा नाद लागला आहे. एकदा गेटवर उभं असताना मी त्याला सहज म्हटलं, की हे तुझं नालासोपारा म्हणजे जुनं शूर्पारक. मोठं बंदर होतं. पश्चिमेला सोपारा गावात बुरुड राजाचा कोट म्हणतात ती टेकाडी आहे ना, ती १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी खणली, तर आत बौद्ध स्तूप. स्तूपाच्या पोटात एकात एक ठेवलेले करंडक.

"करंडक?" त्याने माझा दंड धरला.

"अरे, तो करंडक नव्हे. अवशेष ठेवायची डबी. तांब्याची, तिच्यात चांदीची, अशी शेवटी सोन्याची."

"काका, पुण्यात एकांकिकांचा पुरुषोत्तम करंडक १९६३ ला सुरू झाला. आपल्याकडे आधीपासून करंडक होता आणि तुम्ही हे आत्ता सांगताय?"

मग मी सांगितलं, की त्याच सुमाराला इथे सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही सापडला. पूर्वीचे राजे शिकारीला, मौजेला यात्रा काढत. मी ते सोडून धर्मयात्रा सुरू केली, असं अशोक त्यात म्हणतो.

"म्हणजे अशोकाने सोपाऱ्यात एन्ट्री घेतली होती?"

"तो आल्याचं नाही रे कुठे. त्याचा लेख आला."

"म्हणजे स्क्रिप्ट आली होती," तो म्हणाला आणि तडक झेरॉक्सवाल्याकडे गेला.

आठवड्यात एकांकिका तयार. धर्मयात्रेला निघालेला अशोक शूर्पारकाच्या बंदरात उतरतो आणि थेट इस्टेट एजंटच्या तावडीत सापडतो. एजंट त्याला 'स्टेशनपासून पाच मिनिटं' असलेला वन बीएचके दाखवायला घेऊन निघतो, आणि तीस मिनिटांच्या एकांकिकेत ती पाच मिनिटं संपत नाहीत. नालासोपाऱ्यात घर घेतलेल्या कुणालाही यात नाट्य शोधावं लागणार नाही.

अशोक म्हणून संतोष भुवनकडचा एक उंचापुरा पोरगा घेतला. त्याचे आईवडील पाटण्याचे. मगधाचा सम्राट खरोखरच मगधातून मिळाला. अडचण एकच : तो 'शिलालेख' न म्हणता 'सिलालेख' म्हणायचा. परीक्षक भाषेचे गुण कापणार म्हणून सेक्रेटरी हवालदिल. मी म्हटलं, अरे, अशोकाच्या बहुतेक लेखांतही 'श' नाहीच. स्वतःचं नाव तो 'पियदसि' असंच कोरतो, प्रियदर्शी नव्हे. त्यावर सेक्रेटरीने त्या पोराला मिठी मारली आणि मराठीतले सगळे शुद्ध शकार बोलणाऱ्या एजंटला सुनावलं, "तुझंच चुकतंय. सम्राटाकडून शीक."

तालमी आमच्याच गच्चीत, पाण्याच्या टाकीला ताडपत्री बांधून. कलिंगाच्या युद्धाला पत्र्याची ताटं लागली. तिसऱ्या दिवशी खऱ्या सेक्रेटऱ्यांनी, म्हणजे सोसायटीच्या, बोर्डावर सूचना लावली : 'दुपारी दोन ते चार या वेळेत गच्चीवर युद्ध करू नये.' खाली सही, शिक्का. त्याने ती सूचना सोलून घेतली आणि प्रयोगात वापरली. एजंट ती अशोकाला वाचून दाखवतो आणि अशोक शस्त्र खाली ठेवतो. एवढं सोपं हृदयपरिवर्तन मी दुसऱ्या कुठल्या नाटकात पाहिलेलं नाही.

राहिली शिळा. थर्माकोलवर २०१८ पासून बंदी, आणि बंदी नसती तरी 'थर्माकोलला दगडाचा आत्मा नसतो' हे त्याचं मत. गणपतीची मखरं करणाऱ्या एका मित्राला धरून त्याने बांबूच्या कामट्यांचा सांगाडा बांधला, वर गोणपाट, त्यावर रद्दीच्या लगद्याचे चार थर, वर ऑइलपेंट. आमचे सहा महिन्यांचे पेपर त्या शिळेत आहेत. ब्राह्मी अक्षरं मी पुस्तकातून काढून दिली. पाच फुटी धोंडा हुबेहूब झाला. पोस्टमन त्याला वळसा घालून जायचा.

विभागीय फेरीला टेम्पो मिळाला, तिथून निवड झाली. अंतिम फेरी फोर्टला, आणि टेम्पोचे पैसे संपलेले. वरून पाऊस. नालासोपाऱ्याच्या रुळांवर पाणी साठलं की गाडी कुठे थांबेल हे मोटरमनही सांगू शकत नाही. २०१८ च्या जुलैत आम्ही ते पुरेपूर भोगलेलं. म्हणून सेक्रेटरीने पहाटेच निघायचं ठरवलं, तेही आधी उलटं विरारला जाऊन, म्हणजे चढायला जागा मिळेल. मालडब्यात शिळा आडवी ठेवली. वसईला कोळणी चढल्या. "काय रं, धोंडा कुठं नेतोस?" असं एकीने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता टोपली त्यावर टेकवली. मग दुसरीने. बोरिवलीपर्यंत देवानंपिय अशोकाच्या आठव्या लेखावर ओल्या बोंबलांच्या तीन टोपल्या आणि एक मावशी बसलेली होती. सेक्रेटरीने त्यांना धर्मयात्रेचा आशय समजावून सांगितला. मावशी म्हणाली, बरोबर बोलला राजा, मजा करत फिरून पोट भरतं काय?

अंधेरीला काय झालं ते मला त्या पाटण्याच्या पोराने नंतर सांगितलं. रेटा आला, मावशी उठली, कुणाचा तरी पाय आत गेला आणि कामट्या कडाडल्या. शिळेचे सरळ दोन भाग. सेक्रेटरी वांद्र्यापर्यंत एक शब्द बोलला नाही. त्याच्या ओळखीत असं आधी कधी घडलेलं नव्हतं. पोरं घाबरली.

दादर गेल्यावर माझा फोन वाजला. मी तेव्हा बूट घालत होतो.

"काका, एकच विचारतो. तुमचा तो ओरिजनल लेख. अख्खा मिळाला होता का?"

"नाही रे. तुकडाच मिळाला."

पलीकडे गाडीची खडखड ऐकू येत राहिली.

"मग झालं तर. लहान तुकडा घेतो, मोठा चर्चगेटला ठेवतो कुठेतरी. तुम्ही येताय ना?"

गेलो. प्रयोग बरा झाला. पडदा उघडताच पहिल्या रांगेतल्या परीक्षकांनी नाकाला रुमाल लावले, ते आशयामुळे नव्हे. सूचना-फलकाच्या जागेला मोठा हशा आला. तेव्हा मी स्टेजकडे न बघता विंगेकडे बघितलं. पडद्याच्या कडेला त्याचा अर्धा चेहरा आणि स्टॉपवॉचचा उजेड दिसत होता. अशोकाची सगळी वाक्यं तो ओठांनी म्हणत होता, 'सिलालेख'सकट.

आमचं काही आलं नाही. शेवटच्या विरार गाडीत पोरं तोंड पाडून बसली होती. तो त्यांना समजावत होता, "२०२२ ला पुण्यात परीक्षकांनी पुरुषोत्तम करंडक कुणालाच दिला नाही. म्हणजे त्या वर्षी पुण्याचे सगळे ग्रुप आणि आपण, एकाच पोझिशनला. विचार करा." पोरांनी भाईंदरच्या खाडीपर्यंत विचार केला आणि मग वडापाव काढले.

मोठा तुकडा त्याने दुसऱ्या दिवशी चर्चगेटहून परत आणला. कसा, ते विचारलं नाही. आता तो आमच्या पार्किंगमध्ये खांबापाशी आहे. सोसायटीच्या सेक्रेटऱ्यांना पंधरा वर्षांत जमलं नव्हतं ते त्या लगद्याने केलं : बाहेरच्या गाड्या लागायच्या थांबल्या. खरा धोंडा समजून कुणी बंपर लावून बघत नाही. त्यांनी ब्राह्मीच्या खाली पिवळ्या रंगात 'नो पार्किंग' लिहून घेतलं आहे. परवा यावरून दोन्ही सेक्रेटऱ्यांची गेटवर जुंपली होती. एक म्हणे, ही सोसायटीची मालमत्ता. दुसरा म्हणे, हा माझा सेट, मला जानेवारीत लागणार आहे.

मी मध्ये पडलो. म्हटलं, जानेवारीत कशाला?

"सवाईला, काका. पंचवीसची रात्र मोकळी ठेवा."

"अरे, पण सवाईला जायला आधी कुठेतरी पहिलं यावं लागतं."

"ते बघतो मी," तो शिळेवरची धूळ झटकत म्हणाला. "तुम्ही येताय ना?"