निसर्गाच्या चुका दुरुस्त करून मिळतील

स्त्रीदेहाची रचना करताना निसर्गाकडून ज्या अनेक गफलती झाल्या, त्यांपैकी सर्वांत किफायतशीर गफलत योनिमार्गाची होय, हे गेल्या शंभर वर्षांतील बाजाराचा व्यवहार पाहिल्यास मान्य करावे लागते. हा अवयव आतून स्वतःची स्वच्छता स्वतःच राखतो. म्हणजे त्याच्या अस्तरातील पेशींत साठलेल्या ग्लायकोजेन या पिष्टमय द्रव्यापासून लॅक्टोबॅसिलस नावाचे, दह्याच्या विरजणाशी नाते सांगणारे जिवाणू लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि आतला पीएच, अर्थात आम्लतेचे मोजमाप, 3.8 ते 4.5 च्या दरम्यान ठेवून रोगजंतूंना थारा देत नाहीत. अल्बर्ट डोडरलाइन या जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञाने 1892 साली या जिवाणूंचे वर्णन करून ठेवले होते. परंतु बिनपगारी, रात्रंदिवस आणि विनातक्रार राबणारी ही मंडळी कामावर असेपर्यंत कोणाचीही बाटली खपणार नव्हती, त्यामुळे त्यांना सेवामुक्त करणे क्रमप्राप्त झाले.

या कामी पुढाकार अमेरिकेने घेतला. गर्भनिरोधनाची साधने किंवा माहिती टपालाने पाठवणे 1873 च्या कॉमस्टॉक कायद्याने तेथे गुन्हा ठरले होते. मात्र तीच गोष्ट ‘स्त्रियांची स्वच्छता’ या सोज्वळ नावाने विकण्यास कायद्याची हरकत नव्हती. मग ज्या लायसॉलने फरशा आणि संडास निर्जंतुक केले जात, तेच पाण्यात मिसळून डूशसाठी, म्हणजे पिचकारीने योनिमार्ग आतून धुण्यासाठी, वापरावे असा प्रचार मासिकांतून अनेक दशके चालला. नवरा दुरावण्याचे खरे कारण पत्नीची हेळसांड हेच असल्याचा शोध या जाहिरातींनी लावला, आणि त्याला दुजोरा देण्यासाठी युरोपातील ज्या नामांकित स्त्री-डॉक्टर उभ्या केल्या, त्यांचा शोध अमेरिकन मेडिकल असोसिएशनने घेतला तेव्हा त्या अस्तित्वातच नसल्याचे आढळले. लायसॉलमध्ये त्या काळी क्रेसॉल हे दाहक रसायन असे. लायसॉलमुळे झालेल्या विषबाधेची 193 प्रकरणे आणि गर्भाशय धुण्यातून ओढवलेले 5 मृत्यू 1911 पर्यंतच डॉक्टरांच्या नोंदीत आले होते, तरीही नंतरच्या जाहिरातींत हे द्रावण सौम्य आणि निर्धोकच राहिले. गर्भ रोखण्यासही त्याचा भरवसा नव्हता, कारण पिचकारी हाती येईपर्यंत शुक्रजंतू पुढच्या मुक्कामाला निघालेले असत.

याच काळात मुंबईत रघुनाथ धोंडो कर्वे 1927 पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढून लैंगिक आरोग्याविषयी सरळ मराठीत लिहीत होते. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले, 1934 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांचे वकीलपत्र घेतले, आणि तरीही दंड झालाच. अवयवाचे नाव घेऊन माहिती दिली तर अश्लीलता आणि नाव न घेता भीती घातली तर आरोग्यसेवा, हा न्याय दोन खंडांत एकाच सुमारास रुजावा, यावरून त्याची सार्वत्रिक उपयुक्तता ध्यानात यावी.

स्वतंत्र भारताने यात मोलाची भर घातली. 2012 साली आलेल्या ‘क्लीन अँड ड्राय’ या द्रावणाच्या जाहिरातीत पत्नी खिन्न बसलेली असते आणि पती वर्तमानपत्रात तोंड खुपसून असतो. द्रावणाने तिच्या गुप्तांगाची त्वचा उजळताच संसार पुन्हा मार्गी लागतो. वयात आल्यावर संप्रेरकांमुळे, म्हणजे शरीरातील रासायनिक निरोपांमुळे, त्या भागाची त्वचा सावळी होते आणि त्यात धुण्यासारखे काहीही नसते, ही माहिती त्या कुटुंबाला कोणी दिली नाही. (वर्तमानपत्रे वाचण्याची सवय एका बाटलीत सुटते, ही गोष्ट मात्र संपादकवर्गाने गांभीर्याने घ्यावयास हवी होती.) त्याच वर्षी मुंबईत ‘एटीन अगेन’ नावाचे, योनिमार्ग घट्ट करण्याचे आश्वासन देणारे मलम अवतरले आणि त्याच्या जाहिरातीतील सून सासू-सासऱ्यांदेखत आपल्या नव्या कौमार्याचा आनंद नाचून व्यक्त करू लागली. पतींच्या दुरुस्तीसाठी या मालिकेत काहीच निघाले नाही. तो माल बहुधा कारखान्यातूनच निर्दोष येत असावा.

या उद्योगाचे खरे शहाणपण त्याच्या चक्राकार रचनेत आहे. साध्या साबणाचा पीएच सामान्यतः 9 ते 10 असतो. तो किंवा सुगंधी द्रावण वारंवार आत गेल्यास लॅक्टोबॅसिलस घटतात, त्यांच्या जागी इतर जिवाणू माजतात आणि बॅक्टेरियल व्हजायनोसिस ही अवस्था उद्भवू शकते, जिची ओळख पातळ करडा स्राव आणि माशांसारखा वास ही आहे. वास आला म्हणून धुवावे आणि धुतले म्हणून वास यावा, अशी ही सोय असून, त्यात ग्राहक कधी हातचा जात नाही. या अवस्थेत एचआयव्हीसह लैंगिक संबंधांतून पसरणाऱ्या संसर्गांचा धोका वाढतो, आणि डूशच्या सवयीचा संबंध ओटीपोटातील दाह व गर्भनलिकेत गर्भ राहणे यांच्याशीही आढळला आहे. बाहेरचा भाग साध्या पाण्याने धुवावा आणि आत काहीही घालू नये, हा स्त्रीरोगतज्ज्ञांचा सल्ला एका ओळीत मावतो, त्यावर वेष्टन चढवता येत नाही आणि कोणत्याही नटीला तो म्हणण्याचे पैसे मिळत नाहीत.

ज्यांना खरोखर उपचार हवे होते, त्यांच्यापर्यंत बाजार पोहोचला नाही, हे त्याच्या व्यवहारज्ञानाला धरूनच झाले. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत 650 स्त्रियांची तपासणी केली, तेव्हा त्यांपैकी 92 टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार असल्याचे दिसले; हा अभ्यास 1989 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. अंगावरून पांढरे जाणे, आग होणे, ओटीपोट दुखणे हे दुखणे अंगावर काढायचे असते, अशी तेथील बायकांची समजूत होती. त्या 650 जणींपैकी पूर्वी कधीतरी स्त्रीरोगविषयक तपासणी झालेल्या केवळ 8 टक्के होत्या.