लॅमिनेशन अण्णा

कुणाच्या छातीत कळ आली की घरचे गाडी शोधायला धावतात आणि हा माणूस दारात उभा राहून विचारतो, "रेशन कार्ड कुठंय?" तुमच्याही गावात असा एक असेलच. आमच्या सिरोंच्यात त्याला लॅमिनेशन अण्णा म्हणतात.

काखेत फाइल, आणि फाइलमधला प्रत्येक कागद लॅमिनेट केलेला. आधार, आयुष्मान कार्ड वगैरे ठीक आहे. पण अण्णांनी तहसीलचा उत्पन्नाचा दाखलाही मढवून ठेवलाय, मुदत कधीच संपलेला. "मुदत संपली तर संपली मास्तर, कागद कसा कडक आहे बघा!" डॉक्टरच्या चिठ्ठीचीही सुटका नाही. एकदा मेडिकलवाल्याला तिच्यावर शिक्का मारायचा होता. शिक्का घसरला, शाई त्याच्या शर्टाला लागली, आणि अण्णा त्यालाच सांगत होते की शाई हलकी आहे. एक्स-रे मात्र त्यांना मनापासून आवडतो. दवाखान्यातला तेवढा एकच कागद जन्मतःच प्लास्टिकचा.

कहर झाला तो शेजारणीच्या बिलांचा. तिचा मुलगा हैदराबादला नोकरीला, आईचं नाव त्याच्या कंपनीच्या पॉलिसीत. आधी खर्च करा, मग मूळ बिलं पाठवून क्लेम करा, असा मामला. औषधांची बिलं मशीनमधून निघणाऱ्या त्या गुळगुळीत कागदावरची. त्या कागदाला ऊब लागली की तो काळा पडतो. अण्णांनी सगळा गठ्ठा उचलून गरम रोलरमध्ये घातला. पलीकडून निघाल्या काळ्याकुट्ट पट्ट्या. शेजारणीने कपाळावर हात मारला. अण्णा पट्टी उजेडात धरून म्हणाले, "आता हिला पाणी लागणार नाही."

पाण्याचं हे खूळ कुठून आलं ते इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. जुलै 2022 मध्ये गोदावरी आणि प्राणहिता फुगल्या, तेव्हा तालुक्यातल्या कितीतरी घरांतले कागद लगदा झाले. धान्य वाळवता येतं, रेशन कार्ड वाळवलं तर त्यावरचं नाव उरत नाही.

आमचा भूगोलच असा. जिल्ह्याचं ठिकाण दोनशेवर किलोमीटर, तेही आलापल्लीच्या जंगलातून हाडं मोजत. नदीवरचा पूल ओलांडला की तेलंगणा. मंचेरियालचा दवाखाना गडचिरोलीपेक्षा कितीतरी जवळ, त्यामुळे आमचं दुखणं परराज्यात जातं आणि विमा घरी राहतो. राजीव गांधी जीवनदायी योजना 2 जुलै 2012 ला सुरू झाली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत गडचिरोली होता. योजना मुंबईबरोबरीने पोचली, डॉक्टर मागून येत होता. पुढे योजनेला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं, रक्कम दीड लाखाची पाच लाख झाली. पलीकडे आरोग्यश्री, तिची मर्यादा डिसेंबर 2023 पासून दहा लाख. पण ती तिकडच्या रहिवाशाला.

त्यात कार्डांचे रंग. महाराष्ट्रात पांढरं रेशन कार्ड म्हणजे बरी कमाई असलेला, गरिबाचं पिवळं. तेलंगणात गरिबाची ओळखच 'तेल्ल कार्डु', म्हणजे पांढरं. आमचा एखादा सुखवस्तू पांढरं कार्ड घेऊन पूल उतरला की काउंटरवरची मुलगी त्याच्याकडे कणवेने बघते, आणि पिवळंवाल्याला ओळखतच नाही. आयुष्मान कार्ड देशभर चालतं, तेलंगणाही 2021 मध्ये त्यात आलं. पण दवाखाना यादीत हवा, उपचार यादीत हवा, आणि आधारवरचं नाव जुळायला हवं. इथे कुणाचं घराण्याचं नाव आधी, कुणाचं शेवटी. संगणकाला ती दोन माणसं वाटतात.

अशा वेळी अण्णा लागतात, हे कबूल करताना माझी जीभ जड होते. रात्री दोनला उठवा, शर्टाची बटणं लावत गाडीत बसतात. नर्सशी तेलुगूत, पेशंटच्या आईशी मराठीत, पेशंटच्या बापाशी गोंडीत बोलतात. काउंटरवर भांडतात, हरतात, दुसऱ्या दवाखान्याची यादी काढतात. एकदा बाळंतिणीसोबत गेले ते तीन रात्री व्हरांड्यात फाइल उशाला घेऊन झोपले. मोबदला म्हणाल तर सकाळची इडली. आणि परतल्यावर डिस्चार्ज कार्ड लॅमिनेट करायचा हक्क.

स्वतः अण्णांना साखर आहे, बीपी आहे. पाच लाखांचं कार्ड त्यांनी अजून एकदाही वापरलेलं नाही. "शिल्लक पूर्ण आहे मास्तर," असं ते बँकेतल्या ठेवीसारखं सांगतात, आणि वर्ष उलटून रक्कम नव्याने भरली की जुने पाच लाख बुडाल्याची हळहळ करतात. योजना भरती झालेल्याची. रोजची गोळी तिच्यात बसत नाही. सरकारी दवाखान्यात गोळ्या फुकट आहेत, पण अण्णांचा विश्वास मंचेरियालच्या डॉक्टरवर आणि त्याने लिहिलेल्या कंपनीवर. महिन्याच्या शेवटी पाकीट आटतं, तेव्हा ते गोळी नखाने अर्धी करतात.

"भरतीच व्हा ना एकदा," मी चिडून म्हटलं.

"आणि मी आत पडल्यावर काउंटरवर कोण उभं राहील? तुम्ही? तुमचं आधार तर साध्या कागदावर आहे," म्हणत त्यांनी माझ्या खिशात हात घातला.