हप्ता कांद्यात सांग!

सायखेड्यात ट्रॅक्टर घ्यायचा तर दोन ठिकाणी विचारावं लागतं: शोरूममध्ये आणि नानांच्या ओट्यावर. शोरूममध्ये चहा मिळतो. ओट्यावर मिळत नाही, कारण नाना चहाचाही खर्च धरतात. सप्टेंबर 2025 मध्ये ट्रॅक्टरवरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 वर आला, तेव्हापासून तर ओटा रिकामा नसतो.

"सहा लाख कर्ज, आठ टक्के, पाच वर्षं. सहा महिन्याला 84 हजार," पोरगं ऐटीत सांगतं.

"फ्लॅट का?"

"हो, नाना."

नाना तंबाखूची डबी मिटतात. "म्हणजे सहाचे आठ लाख चाळीस हजार. मुद्दल फिटत चाललं तरी व्याज पहिल्या दिवसाच्या सहा लाखांवरच! घटत्या बाकीवर धर, सव्वातेरा टक्के पडतात. फाइल चार्ज आन् विमा निराळा. आता हप्ता कांद्यात सांग."

पोरगं बोटं मोजू लागतं. बाराशेचा भाव धरला तर 70 क्विंटल, सातशेला विकला तर 120.

"आन् डिसेंबर 2023 सारखी निर्यातबंदी आली तर?" नानांचा ठेवणीतला प्रश्न याच्याही पुढचा. "2019 ला गोदामाय बाजारपेठेत शिरली होती. तिला हप्त्याची तारीख सांगून ठेवली का?"

ऑक्टोबर 2024 पासून किरकोळ कर्ज देताना फी-विम्यासकट खरा वार्षिक दर लेखी देणं रिझर्व्ह बँकेने सक्तीचं केलं. पुतण्याच्या बुलेटचा तो कागद नानांनी कुंडलीसारखा जपून ठेवलाय. ज्यानं सही केली, त्यानं तो अजून वाचलेला नाही.

नानांचं सगळे ऐकतात आणि ट्रॅक्टर घेतातच. भावकीत दुसऱ्याच्या दारात उभा असतो ना! फक्त जाताना फाइल चार्ज पाडून घेतात, बँकेचा घटत्या बाकीचा दर विचारतात.

नाना स्वतः मात्र भाड्याने नांगरतात. ऐन वाफशावर ट्रॅक्टर मिळत नाही, चार दिवस खोळंबा होतो, लागवड मागे पडते. तेवढा एक खर्च ते कुठेच धरत नाहीत.

परवा त्याच पोराचा नवा ट्रॅक्टर नानांच्या बांधावर आला. पोरानं तासाचा भाव सांगितला.

"एवढा?" नाना ओरडले.

"हप्ता, विमा, फाइल चार्ज सगळं धरून, नाना. कांद्यात सांगू का?"