साठ हजारांचा लिफाफा

नागपुरात सध्या फ्लॅट कुणी विकत नाही. बेसा, बेलतरोडी, मनीषनगर, वर्धा रोड, जिकडे जावं तिकडे लोक आपल्याला काहीतरी द्यायलाच उभे आहेत. कुणी रजिस्ट्री फुकट करून देतो, कुणी मॉड्युलर किचन बसवून देतो, उमरेड रोडच्या लेआउटमध्ये प्लॉट बुक केला तर कुणी सोन्याचं नाणं देतो. कर्णानंतर एवढी दानत थेट आमच्या एजंटांतच उतरलेली दिसते.

या सगळ्या दानांत गुप्तदान एकच, पासबॅक. बिल्डरकडून मिळालेल्या कमिशनमधला थोडा भाग एजंट गिऱ्हाइकाला परत करतो. जुन्या घराच्या सौद्यात ही भानगड नसते. तिथे दलाल घेणाऱ्याकडूनही घेतो आणि विकणाऱ्याकडूनही, टक्का-दोन टक्के, ज्याच्याकडून जेवढे निघतील तेवढे. नव्या स्कीममध्ये मात्र कमिशन बिल्डर देतो. दोन-तीन टक्के सहज, माल पडून राहिला तर आणखी वर. म्हणून एजंट छातीवर हात ठेवून सांगतो, ‘भाऊ, तुमच्याकडून मले एक रुपया नको.’ खरं बोलतो बिचारा. तो बिल्डरच्या खिशातून घेतो. त्या खिशात आपल्या होम लोनचे पैसे असतात, एवढंच.

साइट व्हिजिटचा विधी मात्र बघण्यासारखा असतो. एजंट घरून गाडीने नेतो, वाटेत तर्री पोहे खाऊ घालतो आणि गेटच्या अलीकडे गाडी बाजूला लावून दोन गोष्टी पढवतो. एक, ‘आधी एकटे येऊन गेलो’ असं चुकूनही बोलायचं नाही. दोन, आत आपलं जे ठरलंय त्याचा उच्चार करायचा नाही. मग सेल्स ऑफिस. तिथल्या काचेच्या टेबलावर एक फॉर्म पुढे येतो: नाव, मोबाइल, बजेट आणि ‘आमच्याबद्दल कुठून कळलं?’ या शेवटच्या रकान्यात एजंटचं नाव पडलं की आपण त्याचे झालो. ठरावीक दिवसांत आपण कुणाबरोबरही आलो, कुठूनही आलो, तरी कमिशन त्याचंच. लग्नातल्या मंगलाष्टकांनाही इतकी बंधनकारक ताकद उरलेली नाही.

आता कुणी म्हणेल, मग मधला माणूस कशाला, थेट बिल्डरकडे जावं. गेले बरेच जण. बिल्डर पाणी विचारतो, नकाशा दाखवतो, मुलं कुठल्या शाळेत आहेत म्हणून आस्थेने चौकशी करतो आणि म्हणतो, ‘आमच्याकडे रेट सगळ्यांना सारखाच.’ म्हणजे एजंट नसला तरी एजंटचं कमिशन आपण देणार. ते फक्त एजंटला मिळणार नाही. समानतेचं तत्त्व इतक्या काटेकोरपणे पाळणारी दुसरी जमात मला ठाऊक नाही. तेव्हा शहाणा नागपूरकर एजंटच धरतो आणि त्याच्याशी घासाघीस करतो. साठ लाखांचा फ्लॅट, तीन टक्क्यांनी कमिशन १ लाख ८० हजार. त्यातला एक टक्का, म्हणजे ६० हजार, आपले. हात मिळवले जातात. कागद कुठेच नाही. ‘आपल्यात काय लिहायचं, भाऊ!’

ते ६० हजार कधी मिळतात? बुकिंगच्या दिवशी नाही. आधी आपले दहा-वीस टक्के भरून व्हावे लागतात, करारनामा रजिस्टर व्हावा लागतो, बँकेचा पहिला हप्ता सुटावा लागतो. मग एजंट आपलं बिल लावतो, नंतर बिल्डरचा अकाउंटंट सुट्टीवर जातो. चार महिन्यांनी फोन केला तर, ‘मलेच नाही भेटले अजून, तुमाले कुठून देऊ?’ आणि ज्याला खरोखर मिळतात त्याला लिफाफ्यात, रोख मिळतात. तेही पूर्ण नाहीत. कारण एजंटच्या हाती कमिशन येतं ते टीडीएस कापून, हिशेबात दिसणारं. त्यावर तो कर भरतो. त्याची कुरकूर अशी की, ‘टॅक्स पूर्ण रकमेवर मी भरू आणि तुमचे मात्र चोख?’ म्हणून साठाचे पंचेचाळीस होतात. मग पंचेचाळीस आणि एक मिक्सर.

आपण मात्र खूश. आता तेच ६० हजार लिफाफ्यात न येता करारनाम्याच्या किमतीत कमी झाले असते तर काय झालं असतं बघा. बांधकाम सुरू असलेल्या घरावर जीएसटी ५ टक्के, म्हणजे ३ हजार वाचले असते. मुद्रांक शुल्क हिशेबापुरतं ७ टक्के धरा, ४ हजार २०० वाचले असते (करारनाम्याची किंमत रेडी रेकनरच्या खाली जात नसेल तर). शिवाय ६० हजारांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षं फेडलं तर बँकेला एकूण सव्वा लाखाच्या घरात जातात. लिफाफ्यातल्या नोटा त्याच आठवड्यात कर्जखात्यात भरल्या तर हे व्याज वाचतं, पण आजवर पासबॅकच्या पैशाने कुणी कर्ज फेडलेलं ऐकिवात नाही. त्याचा टीव्ही येतो. बिल्डरला विचारलं की ‘किमतीतच कमी करा ना’, तर तो दचकतो. एका करारनाम्यात रेट उतरला की वरच्या मजल्याचं गिऱ्हाईक तोच कागद घेऊन दारात उभं राहतं. लिफाफा कुणाला दिसत नाही, ही त्याची खरी किंमत.

कायदा काय म्हणतो? विम्याच्या बाबतीत तो कडक आहे. १९३८ च्या विमा कायद्याच्या ४१ व्या कलमाने एजंटने कमिशनचा वाटा गिऱ्हाइकाला देणंही बेकायदा आणि गिऱ्हाइकाने तो घेणंही. (पहिला हप्ता एजंटनेच भरलेली पॉलिसी तुमच्या कपाटात नसेलच, मी कुठे म्हणतो?) घराच्या बाबतीत २०१६ चा रेरा कायदा आला, २०१७ च्या मे महिन्यात महारेरा सुरू झालं. एजंटला नोंदणी सक्तीची झाली, हिशेबाच्या वह्या आणि कागदपत्रं सांभाळणं सक्तीचं झालं, आणि २०२३ पासून महारेराने एजंटांना चक्क परीक्षा लावली. चांगलं केलं. फक्त कमिशन किती असावं आणि त्यातलं गिऱ्हाइकाला किती परत जावं, यावर रेरा काही बोलत नाही. लिफाफ्याचा धडा बहुधा ऑप्शनला टाकला असावा.

अमेरिकेत हाच व्यवहार उघड्यावर होतो. आमच्या गल्लीतल्या एका काकूंचा मुलगा न्यू जर्सीत आहे. तिथे एजंटने सोडलेलं कमिशन व्यवहाराच्या शेवटच्या हिशेबात छापून येतं, आणि आयकर खातं त्याला उत्पन्न न धरता किमतीतली सूट धरतं. काही राज्यांत मात्र अशी सूट द्यायला कायद्याने बंदी आहे. एजंटांची संघटना तिथेही मजबूत असते. कमिशन फुगवून ठेवल्याच्या दाव्यांत रिअल्टरांच्या राष्ट्रीय संघटनेने २०२४ मध्ये ४१.८ कोटी डॉलर मोजून तडजोड केली आणि ऑगस्टपासून नियम बदलला. आता घर बघायला जाण्याआधीच खरेदीदाराने एजंटशी लेखी करार करायचा आणि त्याची फी त्यात आकड्यात लिहायची. काकूंना हे अजिबात पटलेलं नाही. ‘आधी लिहून द्यायचं? मग घासाघीस कशावर करायची?’

आणि एक गंमत. आपल्या राज्यात २०२१ पासून सरकार स्वतः पासबॅक देतं, तेही उघड. राहतं घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट. साठ लाखांवर किती? बरोबर ६० हजार. लिफाफा नाही, अकाउंटंट नाही, मिक्सर नाही. अट एवढीच, नवऱ्याचं नाव जोडीला नको. हे कळल्यावर एजंटशी तीन महिने भांडलेला गृहस्थ म्हणतो, ‘जाऊ द्या ना भाऊ, एका टक्क्याने काय होते!’

तेव्हा फ्लॅट बघायला जाल तर एजंटचा महारेरा नंबर आधी विचारा. सूट मागायचीच, पण ती करारनाम्याच्या किमतीत मागा. बिल्डर ऐकत नसेल तर एजंटकडून आकडा आणि तारीख लिहून घ्या आणि पैसे खात्यात घ्या. आणि सरकारच्या त्या एका टक्क्याचं तेवढं आज रात्री जेवताना घरी बोलून बघा.