परस वगळून पाखरू

आमच्या सोसायटीत आंब्याचं झाड एक आणि ६०० मिलिमीटरच्या लेन्स तीन. रविवारी सकाळी साडेसहाला तिन्ही लेन्स झाडाखाली हजर. अंगात लष्करी ठिपक्यांचे कपडे, जणू वाघच येणार आहे. येतो तो फुलटोच्या. चोचीपासून शेपटीपर्यंत ८ सेंटिमीटर, वजन १० ग्रॅमच्या आत. नुसती लेन्सच २ किलोची, म्हणजे पाखराच्या दोनशेपटीहून जड. तिघांतला एक मी आहे, तेव्हा पुढची निंदा घरचीच समजावी.

आमच्यात 'फोटो मिळाला' याचा अर्थ डोळा शार्प मिळाला. हे सोपं नाही, कबूल. इतकी लांब लेन्स ४ मीटरवर रोखली की स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम २ सेंटिमीटर जाडीचा उरतो. चोच लख्ख आली तर डोळा धूसर, डोळा साधला तर शेपूट गेली कामातून. त्यात या बेट्याच्या पायाला भिंगरी. शटर सेकंदाच्या हजाराव्या भागावर ठेवूनही ३०० फोटोंतले दोन हाती लागतात. इथवर कष्ट आहेत. पुढे मेकअप.

घरी आल्यावर आधी कापाकापी. मग मागे वाळत घातलेली सतरंजी घालवायची. पाण्याची टाकी, केबलची वायर, दोरीवरचे चिमटे, एकेक करून पुसायचे. एखादी फांदी शेपटीला आडवी जाते? गुल. मुळातला मातकट पक्षी स्लायडर सरकवत सरकवत पोपटाच्या नात्यात आणायचा. शेवटी पिस्ता आइस्क्रीमवर ठेवल्यासारखं पाखरू तेवढं उरतं आणि खाली ओळ येते, 'परसातला पाहुणा'. परस कुठे गेलं, ते विचारू नये.

वायरची तर वेगळीच गंमत. शिंजिराची मादी कोळिष्टकांनी बांधलेलं घरटं कित्येकदा घराजवळच्या तारेला नाहीतर दोरीलाच टांगते. आम्ही तिचा पत्ता पुसतो आणि फोटोखाली 'अधिवास वाचवा' लिहितो.

तरी संगणकावर पुसणारे परवडले. काही मंडळी कात्री घेऊन थेट झाडावरच संपादन करतात. शिंपी पानं शिवून त्यात घरटं लपवतो, त्याची सगळी कारागिरी त्या लपवण्यातच आहे. यांना 'क्लिअर व्ह्यू' हवा, म्हणून आजूबाजूची दोन-चार पानं छाटायची. तोच क्लिअर व्ह्यू भारद्वाजालाही मिळतो, आणि तो काही फोटो काढून निघून जात नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पक्ष्यांच्या घरट्यांना उपद्रव देणं शिकारीच्या व्याख्येतच बसवलं आहे. बंदूक लागतेच असं नाही, कात्री पुरते.

परवा शेजारची अकरावीतली मुलगी प्रकल्पासाठी फोटो मागायला आली. मी माझा सर्वांत देखणा फुलटोच्या काढून दाखवला. बराच वेळ बघून म्हणाली, "काका, हा बसलाय कशावर? आणि खातो काय?"

बसला होता बांडगुळावर. आपण ज्याची शिवी करून टाकली, तेच आंब्यावरचं बांडगूळ. त्याचीच फळं खायला तो येतो, चिकट बिया फांदीला पुसून टाकतो आणि पुढच्या बांडगुळाची लावणी करून जातो. आमच्या झाडावर त्याचा मुक्काम आहे तो त्या झुडपामुळे. पण ते भेंडोळं फ्रेममध्ये फार गचाळ दिसत होतं. दीड तास बसून मी ते साफ केलं होतं.

"मग बांडगुळासकटचा द्या ना," ती म्हणाली.

मूळ फाइल शोधली. हार्ड डिस्कवर जागा नाही म्हणून ती मार्चमध्येच उडवली होती.