अपर, अवर आणि अवांतर

आमच्या मंडळाच्या राजकीय व्याख्यानमालेचे यंदाचे पहिले पुष्प गुंफायला पुण्याहून जे वक्ते आले, त्यांनी विमानतळाबाहेर पाऊल ठेवताच विचारले, "काय, दिल्लीचं वातावरण काय म्हणतंय?" मी खिशातून मोबाइल काढला, आकडा पाहिला आणि म्हणालो, "४१०. गंभीर."

ते थबकले. लोकसभेच्या जागा ५४३, त्यात १९८४ नंतर चारशेचा आकडा कोणाला गाठता आलेला नाही, मग ४१० नेमके कोणाला देताय, असे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट उमटले. मी त्यांच्या हातात मास्क ठेवला तेव्हा उलगडा झाला.

तुम्ही म्हणाल, असल्या हवेत व्याख्यानमाला ठेवायची कशाला? सांगतो. पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली. ती २१ एप्रिल ते २० मे अशी महिनाभर चालते. आम्हालाही वसंतच हवा होता. पण दिल्लीत तोवर पारा ४५ कडे निघालेला असतो आणि आमचा श्रोता सत्तरीकडून ऐंशीकडे. व्याख्यानमालेची शोकसभा व्हायला वेळ लागणार नाही. मग कार्यकारिणी पंचांग घेऊन बसली. पावसाळ्यात जमनापार यायचे म्हणजे होडी हवी. भाद्रपदात गणपती आणि नाटकाच्या तालमी. पुढे दिवाळी. डिसेंबर-जानेवारीत धुके, म्हणजे वक्ता जयपुरात उतरतो आणि तिथूनच शुभेच्छा पाठवतो. १ फेब्रुवारीला अर्थसंकल्प, आणि आमच्या कोषाध्यक्षांचे जावई अर्थ मंत्रालयात. ते हलवा खाऊन आत कोंडले गेले की घर सांभाळायला सासरे जातात. मार्चात वर्षअखेर. राहता राहिला नोव्हेंबर. तेव्हा हवेत पंजाब-हरियाणाचा धूर असतो, पण तारीख मोकळी असते.

विषय ठरवणे त्याहून कठीण. राजकारणावरची व्याख्यानमाला म्हटल्यावर समतोल हवा, आणि समतोल हे आमच्या घटनेतले सर्वांत जड कलम आहे. पूर्वी सोपे होते. चार पक्ष, चार वक्ते, पाचव्या दिवशी कोणी तरी निवृत्त न्यायमूर्ती. २०२२ साली शिवसेना फुटली, २०२३ साली राष्ट्रवादी, आणि आमचे अंदाजपत्रकच कोसळले. सहा पक्षांचे सहा वक्ते म्हणजे सहा शाली, सहा नारळ, सहा विमानतिकिटे, आणि सभागृह तर पाचच दिवस मिळते. एकाने सुचवले की फुटलेल्या पक्षांना अर्धा अर्धा तास द्यावा. त्यावर खरी राष्ट्रवादी कोणती यावरून कार्यकारिणीत पावणेदोन तास गेले. शेवटी कोणालाच बोलवायचे नाही असे एकमताने ठरले, आणि एकमत झाल्याबद्दल साबुदाण्याची खिचडी झाली.

मग 'विश्लेषक' बोलवायचे ठरले. त्यांना अटी तीन. हयात पुढाऱ्याचे नाव नको. कोर्टात असलेल्या गोष्टीवर भाष्य नको, कारण ती न्यायप्रविष्ट. (महाराष्ट्राचे अलीकडचे राजकारण न्यायप्रविष्ट नसेल तर निवडणूक आयोगप्रविष्ट असते, हे सोडून द्या.) आणि १९७८ च्या अलीकडे यायचे नाही, 'पुलोद'च्या उंबऱ्याशी चपला काढून मागे फिरायचे. एवढे गाळून जे उरते त्याला आम्ही 'लोकशाहीपुढील आव्हाने' म्हणतो. फलक जुनाच आहे. दरवर्षी सालावर चिकटपट्टी लावतो; आव्हाने तीच असल्यामुळे खर्च वाचतो.

निमंत्रणपत्रिका मात्र नवी छापावी लागते, आणि यंदा तिथेच घात झाला. पहिल्या रांगेची यादी पत्रिकेच्या मागे छापायची आमची पद्धत. भारत सरकारात अपर सचिव म्हणजे ॲडिशनल सेक्रेटरी, सचिवाच्या खालोखाल. अवर सचिव म्हणजे अंडर सेक्रेटरी, कितीतरी पायऱ्या खाली. मराठीत या दोघांत एका अक्षराचे अंतर, आणि आमच्या मुद्रितशोधकांना मोतीबिंदू. एक अवर पहिल्या रांगेत अपर होऊन बसला आणि एक अपर सातव्या रांगेत अवर होऊन. सातव्या रांगेतल्या साहेबांनी काही म्हटले नाही. नुसती पत्रिका घडी करून खिशात ठेवली, जशी फाइल 'चर्चा करा' लिहून परत पाठवतात. दोन्ही घरांतल्या बायका तेव्हापासून एकमेकींच्या हळदीकुंकवाला जात नाहीत.

आता मुख्य गोष्ट. त्या सभागृहात जी दीडशे डोकी बसतात, त्यांतल्या निम्म्यांनी आयुष्यभर सरकार चालवलेले असते. मंत्र्याने काय ठरवले आणि सचिवाने त्यातले काय होऊ दिले, हे ज्यांच्या टेबलावरून गेले, ती ही माणसे. आणि दिल्लीत काय चालते हे त्यांना व्यासपीठावरून समजावून सांगणार कोण, तर सदाशिव पेठ.

ते स्वतः का बोलत नाहीत? जे सेवेत आहेत त्यांना १९६४ चे वर्तणूक नियम. पाचवा नियम म्हणतो राजकारणात पडू नका, नववा म्हणतो सरकारवर टीका करू नका. ऐकायला बंदी नाही. तरी आमचे एक सहसचिव टाळीसुद्धा वक्ता पाण्याचा घोट घेत असताना वाजवतात. उद्या कोणी विचारले तर टाळी पाण्याला होती. निवृत्तांना वाटायचे आपण सुटलो. पण २०२१ साली निवृत्तिवेतनाचे नियम बदलले. गुप्तवार्ता आणि सुरक्षेच्या खात्यांतून निवृत्त झालेल्यांनी खात्याच्या कारभाराबद्दल काही छापायचे तर आधी परवानगी घ्यायची. बंधन मोजक्या खात्यांपुरते आहे, पण आमच्याकडचे डाक खात्यातून निवृत्त झालेले एक काकाही तेव्हापासून, "मला बंधन आहे हो," असे म्हणून डोळे मिटतात. पेन्शन तेवढीच राहिली, वजन वाढले.

दिल्लीत एका मराठी माणसाने मात्र आतले बाहेर, तेही भर लोकसभेत, सांगितले होते. चिंतामणराव देशमुख. अर्थमंत्री, कुलाब्याचे खासदार. मुंबई महाराष्ट्रापासून तोडून केंद्राकडे ठेवायचे घाटत होते, तेव्हा १९५६ साली त्यांनी राजीनामा दिला आणि हा निर्णय मंत्रिमंडळापुढे रीतसर आलाच नव्हता, असे उभे राहून सांगितले. पुढे याच गृहस्थांनी दिल्लीकरांना बोलायला जागाही करून दिली. लोदी इस्टेटमध्ये १९६२ साली उघडलेल्या इंडिया इंटरनॅशनल सेंटरचे ते पहिले अध्यक्ष. तिथल्या सभागृहाला त्यांचेच नाव आहे. आपली व्याख्यानमाला चिंतामणरावांच्या सभागृहात व्हावी, असा ठराव आम्ही दर दोन वर्षांनी करतो. मग आपल्यातला तिथला सभासद कोण, अशी शोधाशोध होते. एकजण सापडतो. तो नेमका मंडळाच्या निवडणुकीत पडलेल्या गटाचा निघतो. ठराव पुढच्या बैठकीत ठेवला जातो, आणि चिंतामणरावांचा फोटो आमच्याच मंचावर, उदबत्तीसमोर.

व्याख्यान उत्तम झाले. अटी पाळायच्या म्हणून वक्त्यांनी पहिला तास पानिपताला दिला. दिल्लीत येणाऱ्या मराठी वक्त्याला पानिपत चुकत नाही. त्यात ते आता राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडते, म्हणजे विषय स्थानिकही झाला. शिवाय १७६१ सालचे दोन्ही पक्ष आज निवडणूक लढवत नाहीत. विश्वासरावांच्या नावाशी बायकांनी डोळे पुसले, यमुनेच्या उताराशी पुरुषांनी उसासे टाकले. मग घड्याळाकडे पाहून वक्ते खालच्या आवाजात म्हणाले, "जाता जाता एकच सांगतो. दिल्लीच्या सत्तावर्तुळातून मला आजच समजलंय. लवकरच फार मोठे फेरबदल आहेत."

सभागृह स्तब्ध. सहसचिवांनी पंख्याकडे पाहिले. मला मात्र खोकला आला, आणि तो हवेमुळे नव्हता. हे वाक्य मी सकाळीच हिंदीत ऐकले होते. विमानतळाहून येताना आमच्या टॅक्सी स्टँडवरचा ड्रायव्हर धौला कुआंच्या ट्रॅफिकमध्ये अडकला असताना म्हणाला होता, "साहब, बड़ा फेरबदल होने वाला है, लिख के ले लो." आणि वक्त्यांनी खरोखर डायरी काढून लिहून घेतले होते.

प्रश्न चिठ्ठीवर लिहून द्यायचे असतात. दिल्लीकर मराठी माणूस चिठ्ठीही सरकारी लिहितो: विषय, संदर्भ, खाली पानिपतावर दोन परिच्छेद, आणि शेवटी 'मान्यतेसाठी सादर'. प्रश्न कुठेच नसतो. अध्यक्षांनी सगळ्या चिठ्ठ्यांना मान्यता दिली आणि पसायदान झाले.

खरी व्याख्यानमाला त्यानंतर, जिन्यात. एका हातात बटाटेवडा, दुसऱ्या हातात चहाचा कागदी पेला, आणि अर्धी अर्धी वाक्ये. "तेव्हाच ती फाइल जर..." "मी लिहिलं होतं, पण वरून..." "असो." या 'असो'मध्ये या देशाची चाळीस-पन्नास वर्षे पुरलेली आहेत. मी कान लावून उभा होतो. मला पाहिले की आवाज बंद व्हायचा, कारण मी सदर लिहितो. त्या रात्री एवढेच पुरे वाक्य कानावर आले. एका निवृत्त अपर सचिवांनी दुसऱ्याला विचारले, "त्याला कळलं कुठून हो, फेरबदलाचं?" दुसरे चटणी पुसत म्हणाले, "काही तरी असणार. उगाच कोण बोलेल?" मग दोघे मयूर विहारला जायला एकाच टॅक्सीत बसले.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी वक्त्यांना पोचवायला निघालो. ड्रायव्हर कालचाच. गाडी रिंग रोडला लागताच त्याने आरशातून पाहिले आणि म्हणाला, "साहब, वो फेरबदल वाली बात अब पक्की है."

वक्ते पुढे सरकले. "कैसे?"

"रात को दो अंकल छोड़े मयूर विहार. बड़े अफसर रहे हैं, रिटायर्ड. पूरे रास्ते वही बात कर रहे थे."

वक्त्यांनी डायरी काढली, कालचे पान उघडले आणि त्या ओळीखाली लिहिले: दोन ज्येष्ठ निवृत्त अधिकाऱ्यांकडून दुजोरा.