खुर्ची रिकामी आहे तोवर

फुटबॉलमधल्या एका बातमीचा साचा ठरून गेलाय. माणसाचं नाव बदलायचं, क्लबचं नाव बदलायचं, बाकी मजकूर जसाच्या तसा. एकेकाळी मैदान गाजवलेला अमुक खेळाडू तमुक संघाच्या प्रशिक्षक-मंडळात दाखल. सोबत फोटो. अंगात घडी न मोडलेला टी-शर्ट, छत्तीस डिग्रीत गळ्यात क्लबचा मफलर, आणि शेजारी मुख्य प्रशिक्षक. हा बहुधा स्पेनचा असतो. आपल्या बाजूला उभा असलेला गृहस्थ भारताकडून खेळलेला आहे, हे त्याला त्याच दिवशी सकाळी कुणीतरी सांगितलेलं असतं. मजकुरात ‘त्यांच्या अनुभवाचा तरुणांना फायदा होईल’ हे वाक्य येतंच. ते नसेल तर बहुतेक बातमी परत पाठवत असावेत.

त्यानंतर या गाजलेल्या खेळाडूचं काय होतं, याची बातमी येत नाही. तो सरावाला सगळ्यांच्या आधी येतो, कोन मांडतो, साहेबांचं इंग्रजी नव्या पोरांना आपल्या भाषेत समजावतो, साहेब भडकले तर पोरांना सावरतो आणि पोरं रुसली तर साहेबांना.

आमच्या चलथाणात फुटबॉलचं म्हणाल तर आनंदच आहे. एका अंगाला साखर कारखाना, दुसऱ्या अंगाला हायवे, मधून भुसावळला जाणारी तापी लाइन, आणि कडोदऱ्यापर्यंत कापडाचेच कारखाने. मोकळी जागा उरलीच तर पोरं तिथं स्टंप रोवतात. 2024मध्ये गुजरात सुपर लीग निघाली, सहा संघांत सुरतच्या नावाचाही एक संघ होता. पण सामने अहमदाबादला. सुरतचा संघ अहमदाबादला जाऊन खेळला आणि सुरतेच्या या टोकाला त्याचा पत्ताही लागला नाही.

पण फुटबॉल कळत नसला, तरी ‘सहाय्यक’ ही जात इथल्या खानदेशी माणसाला वेगळी समजावून सांगावी लागत नाही. डाईंग मिलमध्ये रंग मास्तर चार पैसे जास्त मिळाले म्हणून एके दिवशी दुसऱ्या मिलमध्ये निघून जातो. त्याच्या हाताखालचा माणूस शेड जुळवतो, लॉट पास होतात, पार्टीची तक्रार येत नाही. शेठ खूश. पुढच्या महिन्यात शेठ नवा मास्तर आणतो आणि ओळख करून देतो: ‘हा आपला जुना माणूस, काही लागलं तर याला विचारा.’

गोव्याच्या क्लिफर्ड मिरांडाला हा प्रसंग गुजरातीत ऐकवायची गरज नाही. त्याच्यावर तो इंडियन सुपर लीगच्या क्लबांमध्ये गुदरलाय, तोही एकदा नाही.

मिरांडा म्हणजे डेंपोचा डाव्या बाजूनं सुटणारा विंगर. आर्मांदो कुलासोंच्या ज्या डेंपोनं पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं, त्या संघाचा मोहरा. निवृत्तीनंतर तो एफसी गोवाच्या प्रशिक्षक-मंडळात आला. मुख्य प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा, स्पेनचे. जानेवारी 2020च्या शेवटच्या दिवशी क्लबनं लोबेरांना नारळ दिला. साखळीतले तीन सामने उरलेले. मिरांडाला म्हणाले, बस बाबा तू. बसला. हैदराबादला चार गोल, मुंबईला पाच, जमशेदपूरला त्यांच्याच घरी पाच. तीन सामने, चौदा गोल, साखळीत पहिल्या येणाऱ्याची लीग शील्ड गोव्याकडे, आणि आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत थेट जागा मिळवणारा पहिला भारतीय क्लब म्हणून इतिहासात नाव. पाया लोबेरांनी घातला होता, हे खरंच. उपांत्य फेरीत चेन्नईयिननं गोव्याला बाहेर काढलं, हेही खरं. पण पुढच्या हंगामात मुख्य खुर्चीवर कोण? हुआन फेरांदो, स्पेनचे. मिरांडा? सहाय्यक.

आता दुसरा अंक. क्लब ओडिशा एफसी, साल 2023. मुख्य प्रशिक्षक जोसेप गोम्बाऊ. देश सांगत नाही, तुम्हाला कळलाच असेल. हंगाम संपता संपता गोम्बाऊ गेले आणि खुर्ची पुन्हा मिरांडाकडे. एप्रिलमध्ये कोझिकोडला सुपर कप झाला. अंतिम सामन्यात ओडिशानं बंगळुरूला 2-1 असं हरवलं. क्लबच्या इतिहासातला पहिला मोठा करंडक. चार दिवसांनी गोकुलम केरळाला हरवून संघ एएफसी कपलाही पात्र ठरला. एवढं झाल्यावर कुठल्याही शेठला वाटलं असतं, की मास्तर सापडला. ओडिशाच्या मालकांनाही मास्तर सापडला. त्याचं नाव सर्जिओ लोबेरा.

हे मी रचून सांगत नाही. गोव्यात लोबेरांना काढून मिरांडाला बसवलं, ओडिशात मिरांडानं करंडक आणल्यावर लोबेरांना बसवलं. लोबेरांचं यात काही चुकलं नाही. मधल्या काळात त्यांनी मुंबई सिटीला शील्ड आणि करंडक दोन्ही जिंकून दिले होते, माणूस कर्तबगार आहे. मिरांडानं मात्र नवीन काय करून दाखवायचं होतं, ते मालकांनी सांगितल्याचं कुठे वाचनात आलं नाही.

तिसरा अंक छोटा आहे. मिरांडा मोहन बागानला सहाय्यक म्हणून गेला. कुणाच्या हाताखाली? त्याच फेरांदोंच्या. जानेवारी 2024मध्ये फेरांदो गेले, अंतोनिओ हबास यायचे होते, आणि ते हजर होईपर्यंत सुपर कप कोण सांभाळणार? बरोबर. या वेळी ईस्ट बंगालनं 3-1 असं हरवलं. कोलकात्यात डर्बी हरलेल्या माणसाला खाजगी आयुष्य उरत नाही, मग तो दोन आठवड्यांचा पाहुणा का असेना.

मिरांडाचा डेंपोतला जोडीदार महेश गवळी. मधल्या फळीतून कुणी चेंडू घेऊन सुटला, की पुढे गवळी उभा. कोलकात्यात खेळला, मुंबईत महिंद्राकडून खेळला, 2011चा आशिया चषक खेळला. मग राष्ट्रीय संघाचा सहाय्यक प्रशिक्षक झाला. साहेब क्रोएशियाचे, इगोर स्टिमाच. 1998च्या विश्वचषकात तिसऱ्या आलेल्या संघातला बचावपटू, म्हणजे तोही निवृत्त तारा. दोघांचं मैदानावरचं काम एकच, चिडण्याची पद्धत मात्र वेगळी.

जून 2023मध्ये बंगळुरूला सॅफ स्पर्धा होती. पहिलाच सामना पाकिस्तानशी. पाकिस्तानचा खेळाडू थ्रो-इन घ्यायला रेषेवर उभा, आणि स्टिमाचसाहेबांनी मागून त्याच्या हातातला चेंडू उडवला. मुख्य प्रशिक्षकाला रेड कार्ड. नेपाळविरुद्ध खुर्चीवर गवळी. साहेब परत आले, कुवेतशी सामना झाला, साहेबांना पुन्हा रेड कार्ड. आता बंदी दोन सामन्यांची. उपांत्य फेरीत लेबनॉन, खुर्चीवर गवळी, पेनल्टींवर जिंकलो. अंतिम फेरीत कुवेत, खुर्चीवर गवळी, 1-1, मग पेनल्टी, त्याही बरोबरीत, मग सडन डेथ, गोलरक्षक गुरप्रीतनं झेपावून चेंडू अडवला आणि भारत नवव्यांदा विजेता. नेपाळ, लेबनॉन, कुवेत. तीन सामने रेषेपाशी गवळी उभा, तिन्ही जिंकले. साहेब प्रेक्षकांत. आता यादी काढून बघा, त्या विजयापुढे प्रशिक्षक म्हणून कुणाचं नाव आहे.

कडोदऱ्याच्या रस्त्यावर शिफ्ट सुटल्यावर टपरीवर हा किस्सा सांगितला, तर लूमवर काम करणारे एक आप्पा बशीत चहा ओतता ओतता एवढंच म्हणाले, ‘जिंकना कोन, आन् फोटू कोना?’ फुटबॉलची समीक्षा याहून थोडक्यात करणारा माणूस मला मुंबईच्या दैनिकांतही भेटलेला नाही.

बाहेरच्या जगातही तारे आधी सहाय्यकच होतात, हे कुणी सांगेल. होतात की. झिदान 2013मध्ये रेआल माद्रिदला आन्चेलोत्तींच्या हाताखाली बसला, वर्षभरात संघानं दहावा युरोपीय करंडक जिंकला. मग त्याला दुय्यम संघ दिला. तिथं त्याच्याकडे पुरेसं लायसन्स नाही म्हणून स्पॅनिश महासंघानं त्याला तीन महिन्यांची बंदी सुनावली, पुढे ती उठली. विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात दोन गोल मारलेल्या माणसालाही ‘कागद कुठाय’ असं विचारणारा कारकून जगात आहे, हे वाचून मला फार बरं वाटलं. मग जानेवारी 2016मध्ये मुख्य खुर्ची, आणि लागोपाठ तीन चॅम्पियन्स लीग. आर्तेता तीन-साडेतीन वर्षं ग्वार्डिओलाचा सहाय्यक होता, तिथून थेट आर्सेनलचा मुख्य झाला. पिर्लोची तऱ्हा उलटी. युव्हेंटसनं 2020मध्ये त्याला दुय्यम संघ सोपवला आणि नऊ-दहा दिवसांत मुख्य संघच देऊन टाकला. वर्षभरात काढलाही. तिथं सहाय्यकपदाला पुढचा दरवाजा असतो, तो कधी लवकर उघडतो एवढाच काय तो घोळ.

आपल्याकडे कागदाचीही अडचण नाही. आशियातली सर्वांत वरची पदविका म्हणजे एएफसी प्रो लायसन्स, ती मिरांडाकडे आहे. म्हणजे खेळून झालंय, शिकून झालंय, परीक्षा देऊन झालीय, जिंकूनही झालंय.

दुसरी बाजू नाही असं नाही, ती मी लपवत नाही. गोव्याचाच साव्हियो मेदेरा 2011मध्ये राष्ट्रीय संघात कुलासोंचा सहाय्यक होता, ते गेल्यावर भारताचा प्रशिक्षक झाला. डिसेंबरात सॅफ जिंकून दिली, अंतिम सामन्यात अफगाणिस्तानला चार गोल. मार्चमध्ये चॅलेंज कपचे तिन्ही सामने हरला. मग आले हॉलंडचे विम कूव्हरमन्स. गाजलेला खेळाडू चांगला प्रशिक्षक होतोच असं नाही. मारादोनाच्या अर्जेंटिनाला 2010मध्ये जर्मनीनं चार गोल घातले, ते सगळ्या जगानं पाहिलं. माझी तक्रार तारे बसवत नाहीत ही नाहीच. परदेशी प्रशिक्षक हरला की तो ‘संघ घडवत’ असतो आणि देशी हरला की ‘बघा, सांगितलं नव्हतं?’ असं होतं, ही आहे.

मेदेरानंतर भारताला भारतीय मुख्य प्रशिक्षक मिळाला तो तेरा वर्षांनी, ऑगस्ट 2025मध्ये. खालिद जमील. महिंद्रा आणि एअर इंडियाकडून खेळलेला, मुंबई एफसी वर्षानुवर्षं सांभाळलेला, 2017मध्ये आयझॉलसारख्या छोट्या क्लबला आय-लीग जिंकून दिलेला माणूस. त्याच्या नेमणुकीआधी काय झालं ते ऐका. पदासाठी 170 अर्ज आले. त्यात चक्क बार्सिलोनाच्या चावीचा अर्ज असल्याचं बाहेर आलं, आणि तो परवडणार नाही म्हणून बाजूला ठेवल्याच्या बातम्याही झळकल्या. दुसऱ्या दिवशी महासंघाचा खुलासा: चावी आणि ग्वार्डिओला यांच्या नावानं आलेले ईमेल खरे नव्हते. ज्यानं अर्जच केला नाही त्याला पैशांअभावी नाकारायला फार मोठं काळीज लागतं. उरलेल्या खऱ्या अर्जदारांतून जमील निवडला गेला. पहिल्याच स्पर्धेत त्यानं ओमानला पेनल्टींवर हरवून तिसरा क्रमांक आणला. ऑक्टोबरात मडगावला सिंगापूरकडून हरला, आशिया चषकाची संधी गेली, आणि दुसऱ्याच दिवसापासून लोक परदेशी नावं सुचवायला लागले. ती पात्रता फेरी आधीचे प्रशिक्षक, स्पेनचे मानोलो मार्केझ यांच्या काळात सुरू झाली होती आणि बांगलादेशशी बरोबरी, हाँगकाँगशी हार तेव्हाच पदरात पडली होती. पण मार्केझ तोवर निघून गेले होते.

जमील तोवर जमशेदपूरचा प्रशिक्षक होता. तो राष्ट्रीय संघाकडे गेल्यावर जमशेदपूरनं संघ कुणाकडे दिला? मुंबईच्या स्टीव्हन डायसकडे, जो तिथं सहाय्यक होता. हंगामी.

मुख्य खुर्ची कायमची मिळते, नाही असं नाही. समीर नाईकला डेंपोनं दिली. तोही त्याच जुन्या संघातला बचावपटू. पण केव्हा? डेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग यांनी 2016मध्ये राष्ट्रीय लीगमधून अंग काढून घेतल्यानंतरचा तो डेंपो. समीरनं पोरं तयार केली, खालच्या लीगमधून चढून 2024मध्ये आय-लीग पुन्हा गाठली. जिथं स्पॅनिश प्रशिक्षकाचं विमानाचं तिकीटही परवडत नाही, तिथं आपल्या माणसाची गुणवत्ता मालकांच्या लगेच लक्षात येते.

आणि मिरांडा? 2025मध्ये चेन्नईयिन एफसीनं ओवेन कॉयल यांच्या जागी त्याला मुख्य प्रशिक्षक नेमलं. कुणाला काढल्यामुळे उरलेले तीन सामने सांभाळायला नाही, कुणी येईपर्यंत नाही. रीतसर, पूर्ण, मुख्य. त्याच वर्षीच्या जुलैत लीग चालवणाऱ्या कंपनीनं कराराचा वाद मिटत नाही म्हणून स्पर्धाच स्थगित केली. ऑगस्टमध्ये खुद्द चेन्नईयिननंही कामकाज थांबवत असल्याचं जाहीर केलं. या वेळी मिरांडाचं पद हंगामी नव्हतं. तेव्हा हंगामच नव्हता.